हट्टी व्हॉल्व्ह

चार नंबरच्या हौदाचा व्हॉल्व्ह हट्टी आहे, ही गोष्ट त्या कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली जायची. पिण्याचं पाणी कुठे आहे ते नंतर. आणि त्या व्हॉल्व्हचा हट्ट जगात फक्त ताईंपुढे चालत नाही, हेही त्याच दमात सांगितलं जायचं.

ताई म्हणजे चार नंबरचा हौद चालवणाऱ्या बाई. खरं तर त्या ताई फक्त कारखान्याच्या वायरमनच्या, कारण तो त्यांचा धाकटा भाऊ. पण तो दिवसभर "ताई, ताई" करत फिरायचा, त्यामुळे सगळ्यांनीच तो शब्द उचलला. आता साहेबसुद्धा ताईच म्हणत.

कारखाना कापड रंगवण्याचा. हौदात कापडाचे तागे गरम पाण्यात फिरत राहायचे आणि वरच्या टाकीतून रंग तीन मापांत खाली सोडला जायचा. हे काम भिंतीकडच्या लोखंडी कपाटातलं जुनं कंट्रोलचं यंत्र करी. ते व्हॉल्व्हला वीज देई, व्हॉल्व्ह उघडे, रंग वाहू लागे. माप भरलं की ते वीज तोडी आणि व्हॉल्व्ह मिटे. म्हणजे मिटायला हवा. चार नंबरचा मिटत नसे. वीज गेली, कपाटावरचा दिवा विझला, तरी हा आपला आ वासून उभा. आणि रंग काही कोणासाठी थांबत नाही. जरा जास्त गेला की निळ्याचा काळा होतो.

म्हणून ताई लाकडी हातोडी घेऊन व्हॉल्व्हपाशी उभ्या राहायच्या. दिवा विझला रे विझला की त्याच्या मानेवर एक टोला. त्याला टोला म्हणायलाही ताईंची हरकत होती.

"मारायचं नाही," त्या नव्या बायकांना शिकवायच्या. "टेकवायचं. गाढ झोपलेल्या माणसाला हलवतो ना, तसं. जोरात हलवलं तर शिव्या देतो, हळू हलवलं तर कूस बदलतो."

बायका माना डोलवायच्या, पण जमायचं कोणालाच नाही. ताई एकदा तापाने घरी राहिल्या तेव्हा निळ्याचा अख्खा लॉट काळा झाला. ताईंना वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, अंगात ताप असताना थोडं बरंही वाटलं.

व्हॉल्व्ह बदलून पाहिला नव्हता असं नाही. भावाने किती तरी वेळा नवा आणून बसवला. नवी नवरी चार दिवस गुणाची असते तसा तो काही आठवडे नीट चाले आणि मग पहिले पाढे पंचावन्न. वर त्याची कॉइल अशी तापायची की हात लावायची सोय नाही. भावाने आपल्या तपासणीच्या दिव्याने शंभरदा पाहिलं, दिवा लागायचा, म्हणजे वीज येत होती. शेवटी त्याने निकाल दिला, "व्हॉल्व्हचा दोष नाही ताई, ती जागाच खोडीची आहे."

काढून टाकलेल्या एका व्हॉल्व्हमधला बोटभर लोखंडी गज ताईंनी घरी आणला होता. वीज मिळाली की हाच गज वर ओढला जातो आणि रंगाची वाट मोकळी होते. घरी त्याचा दुसराच उपयोग होता. ताईंच्या शिवणाच्या डब्यात सांडलेल्या सुया, टाचण्या तो गोळा करायचा.

एका सुट्टीच्या दुपारी त्यांची लेक कुर्त्याचं बटण लावायला सुई शोधत होती. तिला घरात आणि गल्लीत सगळे ठिणगी म्हणत. लहानपणी तिने इस्त्रीचा प्लग उघडून आत काय आहे ते पाहिलं होतं. आत काय होतं ते साऱ्या गल्लीला दिसलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत जुन्या कंट्रोलची कार्डं, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाट्या, दुरुस्त करायची. अशी कार्डं, जी बनवणाऱ्यांनी बनवायची कधीच सोडून दिली होती, पण जी अजून कुठे कुठे निमूटपणे कारखाने चालवत होती.

"आई, हा गज कुठला?"

"चार नंबरच्या व्हॉल्व्हचा. जुना."

"लोहचुंबक नाहीये हा."

"अच्छा. मग त्या सुया काय प्रेमाने चिकटल्यात?"

ठिणगी हसली नाही. तिने गज उचलला, त्याला लोंबणाऱ्या टाचण्या पाहिल्या आणि बटण तसंच टाकून जमिनीवर बसली. असं ती बसली की आता जेवणाचं नाव निघणार नाही, हे ताईंना ठाऊक होतं.

"दुसरे व्हॉल्व्ह काढलेत त्यांचे गजही असेच चिकटतात?"

"तीन नंबरचा नाही चिकटत. चार नंबरचे सगळे. म्हटलं ना, जागाच तशी."

"जागा नाही गं. हे बघ, तुमच्या व्हॉल्व्हला मिळते ती वीज झोपाळ्यासारखी असते. पुढे जाते, मागे येते. पुढच्या झोक्याने लोखंडात जो गुण येतो तो मागचा झोका पुसून टाकतो. चुंबक होऊन राहायला त्याला सवडच मिळत नाही. हा चुंबक झालाय, म्हणजे ह्याला एकाच बाजूचा झोका मिळतोय. कपाटातलं वीज सोडणारं कार्ड अर्धं मेलंय. येणाऱ्याला सोडतं, जाणाऱ्याला अडवतं. म्हणून कॉइल तापते. म्हणून मामाचा दिवाही लागतो, जरा मंद लागत असेल इतकंच. आणि वीज तुटली तरी गज आपला वर चिकटून राहतो." तिने आईकडे पाहिलं. "तू टोला देतेस तेव्हा सुटतो."

ताईंनी गज तिच्या हातातून घेतला. व्हॉल्व्ह हट्टी नव्हता. जागा खोडीची नव्हती. कपाटात एक तुकडा अर्धा मेला होता आणि त्याची उरलेली अर्धी नोकरी ताई हातोडीने करत आल्या होत्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी केलं काय?"

"इतकी वर्षं कापड वाचवलंस," ठिणगी लगेच म्हणाली. जरा जास्तच लगेच म्हणाली. ताईंना ते सांत्वन वाटलं आणि सांत्वन त्यांना कधीच मानवत नसे. त्या उठल्या आणि भांडी घासायला गेल्या. त्या दिवशी भांडी अगदी लख्ख निघाली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी ताईंना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे केली तेव्हाच ताईंनी ओळखलं, बातमी बरी नाही.

"ताई, चार नंबर मोडीत काढावा असं ठरतंय. कंट्रोलचे सुटे भाग मिळत नाहीत आणि व्हॉल्व्हला सतत माणूस लागतो. उद्या तुम्ही नसलात तर?"

"कार्ड बिघडलंय, साहेब. माझी लेक दुरुस्त करेल," ताई म्हणाल्या. लेकीला विचारलेलं नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं.

साहेबांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. एक लॉट चालवून बघू. पण हातोडी लावायची नाही. यंत्राने तिन्ही मापं आपली आपण घेतली आणि कापड नमुन्याला जुळलं, तर हौद राहील. नाही जुळलं, तर मात्र मला आग्रह करू नका."

घरी हे ऐकून ठिणगीने कपाळाला हात लावला. "आई, तू माझ्या नावाने शब्द दिलास?"

"मग कोणाच्या देऊ? शेजारणीच्या?"

मामाने कपाटातून ते कार्ड काढून आणलं. आठ वाटांनी वीज बाहेर सोडणारं आउटपुट मॉड्यूल, पाठीवर धुळीची गोधडी. सोबत त्याने आणखी एक डबी आणली. बाजारात तसंच दिसणारं नवं कार्ड मिळालं होतं, त्याच खाचेत बसणारं. "हेच लावून टाकू. झंझट मिटली."

ठिणगीने ते उलटंपालटं करून पाहिलं. "मामा, हे फक्त तोंडावळ्याने जुळं आहे. आपल्या कार्डाला आठ दारं आहेत आणि प्रत्येक दाराची वाट वेगळी. एका दाराचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणून एका दारातून व्हॉल्व्हची वीज जाते आणि शेजारच्या दारातून कपाटावरच्या दिव्याची, ती वेगळीकडून येते. या तुझ्या कार्डात आठही दारांचं अंगण एकच. दोन्हीकडची वीज एका अंगणात उतरली की काय होईल?"

"भाऊबंदकी."

"धूर होईल, मामा."

"भाऊबंदकीत तरी दुसरं काय होतं?" असं म्हणत मामाने ती डबी खिशात घातली.

ठिणगी त्या कार्डाला कितीतरी दिवस चिकटून होती. मेलेला तुकडा तिने बदलला, मग त्याच वयाचे शेजारचे सातही बदलले, कारण एक गेला की बाकीचे रांगेत उभे असतात. एक दार दुसऱ्यापासून खरंच तुटलेलं आहे ना, हे पुन्हा पुन्हा तपासलं. ताई एकदा डबा द्यायला गेल्या. जिना चढून दाराशी उभ्या राहिल्या तर लेक टेबलावर वाकलेली, समोर आठ दिव्यांची रांग, त्यातला एकेक लागतोय, विझतोय, आणि ती ओठ हलवत काही तरी पुटपुटतेय. ताईंनी हाक मारली नाही. डबा स्टुलावर ठेवला आणि उलट पावली जिना उतरल्या. खाली सायकलवाल्याने विचारलं, "काय ताई, लेक दिसली का?" ताई म्हणाल्या, "हो, कामात आहे," आणि ते दोन शब्द त्यांना दिवसभर पुरले.

चाचणीच्या दिवशी सकाळी मामा सर्वांआधी कारखान्यात हजर. भाचीचं कार्ड बसायचं म्हणून त्याने कपाट धुऊनपुसून लग्नघर केलं होतं. कार्ड खाचेत बसलं, तारा जोडून झाल्या. ठिणगी मीटर घेऊन कपाटाच्या मागच्या बाजूला उभी राहिली, पंपाच्या अगदी शेजारी, जिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. ताई नेहमीच्या जागी, व्हॉल्व्हपाशी. साहेब त्यांच्या बाजूला. वरच्या कौलातल्या काचेतून ऊन थेट कपाटावर पडलं होतं. कापड फिरू लागलं, हौदावर वाफ धरली.

पहिलं माप. व्हॉल्व्ह उघडला, रंग उतरला. ताईंचे हात पाठीमागे, एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. माप भरलं आणि ताईंनी एक आवाज ऐकला.

टक्.

इतका छोटा आणि इतका स्वच्छ आवाज की त्यांना आधी समजलंच नाही तो कशाचा. मग लक्षात आलं, व्हॉल्व्ह मिटल्याचा. कोणी न सांगता, कोणी न ठोकता. त्याचं सुख वाटलं की दुसरं काही, हे बघायला वेळ नव्हता.

दुसरं माप. टक्.

साहेबांनी ताईंकडे पाहून मान हलवली. ताईंनी तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

तिसरं माप सर्वांत मोठं आणि सर्वांत घातकी. कापडाने रंग प्यालेला असतो, आता थोडं जास्त झालं तरी परत फिरता येत नाही. व्हॉल्व्ह उघडला. रंग उतरत राहिला. माप भरलं तेव्हा साहेब दिवा नीट दिसावा म्हणून कपाटासमोर वाकले. त्यांची सावली दिव्यावर पडली आणि ते ओरडले,

"ताई, दिवा विझला नाही! व्हॉल्व्ह उघडा आहे!"

ताईंनी वळून पाहिलं. खरंच. सावलीत तो दिवा मंद, हिरवट लुकलुकत होता. साहेबांचा हात लाल बटणाकडे गेला. ते दाबलं की सगळंच थांबतं, कापडसुद्धा, आणि थांबलेलं कापड जागोजागी रंग धरतं. लॉट गेला, चाचणी गेली, हौद गेला.

हातोडी ताईंच्या हातात कधी आली ते त्यांना कळलं नाही. एक टोला, बस. दिवा काही का म्हणेना, टोला दिला की व्हॉल्व्ह मिटलेला असणार, कापड वाचणार. आणि साहेबांच्या शर्तीप्रमाणे हौद मोडीत जाणार. लेकीच्या कार्डाला उद्या सगळे म्हणणार, शेवटी हातोडीच लागली. आणि टोला नाही दिला, दिवा खरं बोलत असला, तर रंग आत्ता या क्षणी खाली उतरतोय.

टक् ऐकू आलं होतं का? ताईंना वाटत होतं, आलं होतं. पण आईचे कान. ते लेकीच्या बाजूनेच ऐकणार, त्यांची साक्ष काय कामाची? टाकीतली पातळी दाखवणारी काच बघावी तर ती रंगाने कधीच आंधळी झालेली.

त्यांनी डावा तळहात पाइपावर ठेवला.

रंग वाहत असला की त्या पाइपात मांजराच्या गुरगुरण्यासारखं काही तरी चालू असतं. बाहेरून ऐकू येत नाही, पण तळहाताला कळतं. कितीदा तरी टोला देण्याच्या आधी आणि नंतर हा तळहात तिथे टेकला होता. टोला बरोबर बसला का नाही, हे ताईंना तोच सांगायचा. कानावर माया असते, डोळ्यावर भीती असते. तळहात कोणाचा नातेवाईक नसतो.

पाइप गप्प होता.

"साहेब, बंद आहे," ताई म्हणाल्या. "हात काढा."

"दिवा लागलाय, ताई!"

"दिव्याचं काही तरी बिनसलंय. रंग वाहत नाहीये. पाइप गप्प आहे."

"नक्की?"

"नक्की."

एवढं बोलून त्यांनी हातोडी खाली जमिनीवर ठेवली. ठेवताना गुडघा वाजला. साहेबांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि हात मागे घेतला. मग तेही पुढे आले आणि ताईंच्या हाताशेजारी स्वतःचा हात पाइपावर ठेवला.

"मला काही कळत नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"हो ना? काहीच कळत नाही, म्हणजेच बंद आहे."

साहेबांना अशा वेळीही हसू आलं.

मामाने खुणेने बोलावलं तशी ठिणगी मागून धावत आली. चेहरा कागदासारखा. तिने दिवा पाहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "हा दिवा कोणी बदलला?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामाने कपाटाकडे पाहिलं.

"जुना बल्ब पिवळा पडला होता गं. म्हटलं तुझ्या कार्डाला शोभेल असा नवा छोटा दिवा बसवू. साहेबांच्या डोळ्यात भरावं म्हणून."

"भरलं, मामा. चांगलंच भरलं." तिने भिंतीला पाठ टेकली आणि श्वास सोडला. मग साहेबांना सांगू लागली, "या जातीची कार्डं बंद असतानाही थेंबभर वीज झिरपू देतात. जुनं कार्डही झिरपू देत असणार. तुमच्या जुन्या बल्बला त्या थेंबाने ऊबही येत नसे. या नव्या दिव्याला मात्र थेंब पुरतो. मघाच्या दोन मापांनंतरही तो लुकलुकत असणार, उन्हात दिसला नाही इतकंच. व्हॉल्व्हला नाही पुरत, त्याचं दार वेगळं आणि भूक मोठी. पण हे मी आधीच सांगायला हवं होतं. कोणी दिवा बदलेल हे डोक्यातच आलं नाही."

"माझ्याही डोक्यात नव्हतं आलं," साहेब म्हणाले. "मी तर आत्ता लॉट घालवत होतो."

मामाने खिशातून जुना बल्ब काढला. टाकून द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो बसवला. दिवा विझलेला राहिला.

कापड बाहेर यायला बराच वेळ होता. ताई हौदापाशी फिरत राहिल्या. हात रिकामे असल्यामुळे त्यांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. कधी पदर खोचायच्या, कधी सोडायच्या. तळहाताने ठीक सांगितलं होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी पोटाला पटत नव्हतं.

शेवटी कापड निघालं. साहेबांनी ओला तुकडा सुकवून घेतला आणि खिडकीपाशी नेला. एका हातात नमुना, एका हातात तो. उजेडाकडे धरला, तिरका धरला, अदलाबदल केली. ठिणगी खिडकीकडे पाठ करून उभी होती. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की खांद्याला खांदा लागावा.

"यातला नमुना कोणता होता?" साहेबांनी विचारलं. "माझी खरंच गफलत झाली."

मामाने एकदम टाळी वाजवली. तीन नंबरच्या बायका काम टाकून बघायला आल्या. कोणी तरी म्हणालं, ताईंची हातोडी गेली आता. ताई म्हणाल्या, "जाऊ दे. खांदा दुखायचा." आणि असं म्हणताना त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, कारण खांदा खरंच दुखायचा आणि हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"ताई, हौद राहिला," साहेब म्हणाले. मग ठिणगीकडे वळले. "आणि तुम्ही एक करा. बाकीच्या हौदांची कार्डं याच वयाची आहेत. एकेक करून तपासून द्याल का? तुम्हाला सवड असेल तर."

ठिणगीने तोंड उघडलं. तिच्या खोलीत त्या वेळी दुरुस्तीला एक पंखा आणि सायकलवाल्याचा रेडिओ एवढंच होतं. ती "हो" म्हणणार एवढ्यात ताई बोलल्या.

"बघावं लागेल, साहेब. तिला कामं फार असतात."

"हो, हो. असणारच," साहेब अदबीने म्हणाले. "मग कळवा तुमच्या सोयीने."

ते केबिनकडे गेले. ते दाराआड होईपर्यंत मामाने कसाबसा दम धरला.

"कसली कामं गं, ताई?"

"तू गप्प बस, दिवेवाल्या," ताई म्हणाल्या, आणि लेकीच्या गालावर लागलेली कपाटातली धूळ त्यांनी पदराने पुसली, सगळ्यांच्या देखत, ती लहान असताना पुसायच्या तशी. ठिणगी लाजून "आई, पुरे" म्हणाली, तरी त्या पुसतच राहिल्या.